प्रागच्या पायऱ्या

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये बखूरचा वास कोंडलेला असतो. वरच्या मजल्यावरची सीरियन बाई संध्याकाळी निखाऱ्यावर ती सुगंधी लाकडं जाळते, कपड्यांना धुरी देते आणि नटूनथटून खाली उतरते. ती निघून जाते, वास मागं राहतो. बाकीच्या बायका म्हणतात, काय छान वास गं! मी मात्र भाजीच्या पिशव्या घेऊन आत शिरते आणि माझं डोकं फिरतं. आमचा मजला येईपर्यंत माझे दात आवळलेले असतात.

कारण हाच तो वास. अगदी हाच नाही, याचा सख्खा भाऊ म्हणा. प्रागमधल्या चर्चांची दारं उघडली की आतून एक गार झुळूक यायची आणि तिच्याबरोबर धूप, मेण, जुनं लाकूड आणि ओला दगड यांचा मिळून एक वास यायचा. दार मिटलं की वास बंद. पुन्हा कुणी आत गेलं, पुन्हा तेवढा एक भपकारा. एवढंच माझ्या वाट्याला आलं. बाकी सगळं आमच्या सासूबाईंनी घेतलं.

हो, घेतलंच. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळालं असेल त्यांचं. माझं काही मिळालेलं नाही. माझं इथं कुवेतच्या मंगफमध्ये माझ्याच घरात राहतंय, दोन्ही वेळा गरम पोळ्या खातंय आणि वर 'आज मीठ कमी झालंय गं' म्हणून सांगतंय.

चर्चचं वेड मला फार जुनं. नाशिकला आमच्या शाळेच्या आवारात एक लहानसं दगडी चर्च होतं, कौलारू, दाराशी पांढऱ्या चाफ्याचं झाड. चित्रकला शिकवायला एक सिस्टर होत्या. त्यांच्याकडं एक जाडजूड पुस्तक होतं, प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पडदा. पडदा उचलला की खाली युरोपातलं एखादं चर्च. एका डिसेंबरात सिस्टरनी आम्हा मुलींकडून जिलेटीनचे रंगीत कागद कापून घेतले आणि खळीनं वर्गाच्या खिडकीला चिकटवले. दुपारचं ऊन आलं आणि आमचे पांढरे फ्रॉक निळे झाले, लाल झाले. मुली ओंजळी पुढं करून रंग धरायला लागल्या. सगळ्या वर्गाला खळीचा आंबूस वास येत होता. सिस्टर म्हणाल्या, "हे तर नुसतं जिलेटीन आहे. खऱ्या काचेतून येतो ना, तो उजेड वेगळा. तो बघायला तिथं जावं लागतं."

नववीतल्या पोरीला असलं काही सांगू नये. मी पुढं चित्रकलेचा डिप्लोमा केला, लग्न केलं, नवऱ्याच्या मागून कुवेतला आले, शुऐबाच्या तेलाच्या प्लँटवरून येणारा वास नाकाला सवयीचा झाला, पण ते 'तिथं जावं लागतं' काही डोक्यातून गेलं नाही.

तसा इथं उजेडाला तोटा नाही. इतका उजेड की पडदे ओढून बसावं. पांढरा, रंग खाणारा. बाल्कनीत वाळत घातलेली निळी चादर एका उन्हाळ्यात राखाडी होते. धूळ उठली की दुपारीच सगळं पिवळं होतं, दाराच्या फटीतून आत येतं, दाताखाली कचकचतं. त्या दिवसांत मी बिल्डिंगमधल्या पोरांना चित्रकला शिकवायचे. पोरं उंट काढायची, मशिदी काढायची, मोटारी काढायची. मी त्यांच्या कागदावरून हात फिरवायचे आणि मनातल्या मनात खिडक्यांना रंगीत काचा बसवायचे.

प्रागचं ठरलं ते सासूबाईंच्या गुडघ्यांमुळं. अविनाशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले कुवेती लोक सांधे धरले की चेक देशातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जातात. सासरे गेल्यानंतर सासूबाई नुकत्याच आमच्याकडं राहायला आल्या होत्या. साठीच्या, ठणठणीत, फक्त गुडघे कुरकुरणारे. त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग मलाही दाखवा की ते झरे. का कुवेत्यांचेच गुडघे गुडघे?" मी नकाशा उघडला. झऱ्यांच्या गावाला जायची वाट प्रागवरून! शंभर मनोऱ्यांचं गाव. माझ्या अंगावर काटा आला. अविनाश म्हणाला, "प्रागचे दिवस तुझे, शेवटचा एक दिवस आईच्या झऱ्यांचा." असं ठरलं होतं. कान धरून विचारा त्याला, असंच ठरलं होतं.

मग काय, कुठलं चर्च सकाळी, कुठलं दुपारी, टेकडीवरच्या किल्ल्यातल्या मोठ्या चर्चमध्ये ऊन कुठल्या बाजूनं येणार, सगळं मी बसवलं. सई, आमची लेक, तेव्हा चौथीत होती. तिला मी बाथरूमच्या काचेवर रंग लावून दाखवले. ती म्हणाली, "कूल." तेवढ्यावर मी खूश.

आणि विमान उतरलं तशी माझी पाळी आली.

घरात सत्यनारायण असला, गणपती असले, की आमच्याकडच्या बायका आधीपासून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चर्च बघायला कशाला लागतात गोळ्या? हॉटेलात चौघं एका खोलीत, लपणार काय आणि कुठं? सकाळी न्याहारी करून पहिल्या चर्चशी आलो. हिरव्या घुमटाचं, दाराशी काळवंडलेले दगडी संत. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तू कुठं निघालीस?" सासूबाई म्हणाल्या.

"आत."

"शिवायची नाहीस ना तू?"

"आई, हे चर्च आहे."

"असू दे की. देव तो देव. दुसऱ्यांचा आहे म्हणून बाटवायचा का?"

मी अविनाशकडं बघितलं. तो मान वर करून मनोरा बघत होता. मनोऱ्यालाच म्हणाला, "जाऊ दे ना. परदेशात वाद नको. तू उद्या बघ."

आणि सांगते काय, कुवेतमध्ये याच दिवसांत मी लाटलेल्या पोळ्या त्यांना चालायच्या. न चालून सांगतात कुणाला, दुसरं करणार कोण? फक्त देवघरापाशी जायचं नाही. सोवळं सुद्धा कसं, आपल्या सोयीचं!

मग त्यांनी पायातल्या कोल्हापुरी काढल्या. प्रागमध्ये. चर्चच्या दारात. "देवाच्या दारात जोडे घालून जातात का कुठं?" अविनाशनं मुकाट्यानं बूट काढले, सईनं सँडल काढले. येणारीजाणारी माणसं पायांकडं बघत होती. आणि त्या आत जाता जाता वळून म्हणाल्या, "तू बसतेच आहेस तर चपलांकडं बघ गं जरा."

अशी मी बसले. त्या पायरीवर, मग दुसऱ्या चर्चच्या, मग तिसऱ्या. रोज 'उद्या' आणि रोज पायरी. आज कुणी डोळे बांधून नेलं तरी कुठला दगड कुठला ते मी बसून सांगेन. सकाळी दगड इतका गार की पातळ सुती सलवारीतून थंडी वर चढायची. अकराच्या सुमारास ऊन सरकत यायचं आणि पायरी कोमट व्हायची. लाल-पांढऱ्या ट्रामची घंटा, बग्गीच्या घोड्यांच्या टापा, ओल्या लिदीचा वास, कोपऱ्यावर सळईला गुंडाळून भाजलेल्या गोड पावाचा दालचिनी-साखरेचा वास. चेस्टनटच्या झाडांवरून पांढरी फुलं गळायची आणि सासूबाईंच्या चपलेत जाऊन बसायची. डोक्यावर खोटे पांढरे केस लावलेली तरुण पोरं संध्याकाळच्या वाद्यवादनाच्या चिठ्ठ्या वाटायची. माझ्यापाशी यायची, ओळीनं मांडलेले तीन जोड बघायची आणि चिठ्ठी न देता पुढं जायची. दुपारी बारा वाजले की गावभर घंटा सुटायच्या, एकीनं सुरुवात केली की दुसरी, मग कुठून कुठून सगळ्याच. कबुतरं एकदम उडायची आणि पुन्हा येऊन तिथंच बसायची.

आत ऑर्गन लागला की तो कानांना कमी आणि पाठीला जास्त ऐकू यायचा. मी दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसायचे, आणि ती भिंत वाजायची. मणक्यातून वाजत वर यायचं. डोळ्यांत पाणी यायचं, ते कशानं यायचं ते मात्र धड कळायचं नाही, संगीतानं की संतापानं.

एका बाईनं तर खाली वाकून कोल्हापुरीचा भाव विचारला! बोटानं चामडं चाचपून बघितलं. विकायला हव्या होत्या. त्या वेळी लाज वाटली, आज वाटतं, विकून मोकळी झाले असते आणि म्हातारीला अनवाणी चालवलं असतं पुलापर्यंत.

ती मंडळी बाहेर यायची. सई म्हणायची, "इट्स जस्ट गोल्ड, आई. लॉट्स ऑफ गोल्ड. आय ॲम हंग्री." अविनाश माझ्या नजरेला नजर न देता बुटांच्या नाड्या बांधायचा. आणि सासूबाई! तोंड उजळलेलं, डोळे हे एवढे. "काय सांगू तुला! देवाला प्रदक्षिणा घातली मी, कुणी अडवलं नाही हो. आणि काचा कसल्या गं, अगं बाई बाई!" सांगू नका, असं ओठांवर यायचं. आणि मी वाकून त्यांच्या चपला पुढं सरकवायचे.

शेवटच्या सकाळी मी डोक्यावरून न्हाले. ठेवणीतला निळा ड्रेस घातला. आता काय म्हणायचंय म्हणा! तर खाली बस उभी. झऱ्यांची.

"दहा मिनिटं," मी अविनाशला म्हटलं. "एकच चर्च. ते कोपऱ्यावरचं. मी पळत जाते, पळत येते."

"बस चुकेल," तो म्हणाला.

"माझे गुडघे रे," सासूबाई म्हणाल्या.

झऱ्यांच्या गावी गेल्यावर त्यांनी त्या गरम पाण्याचा एक घोट घेतला. एकच. आणि थू थू करून म्हणाल्या, "शी! गंजक्या नळाचं पाणी बरं." त्या एका घोटासाठी माझ्या खिडक्या गेल्या.

कुवेतला परत आल्यावर तरी संपावं ना? तिथून खरी सुरुवात. आमच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं असतं. मंगफ, फहाहील, अबू हलिफा, सगळीकडच्या मराठी बायका येतात. मी आदल्या दिवशी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, कैऱ्या आणायच्या, डाळ वाटायची, पन्हं करायचं, कलिंगड कोरायचं. आणि गौरीपुढं मधोमध बसून सासूबाईंनी प्रागची चर्चं सांगायची. दर वर्षी! सांगायच्याही अशा की बायकांच्या हातातली डाळ हातात राहायची. "निळा म्हणजे कसा, जांभूळ चिरडल्यावर बोटांना लागतो ना, तो. आणि ऊन फिरलं की तोच निळा जमिनीवरून चालत येतो आणि तुमच्या पायांवर चढतो. खांबांना सोनं, छताला सोनं, आणि वर कोपऱ्या-कोपऱ्यात पंखांची गुटगुटीत पोरं, आपला बाळकृष्ण जसा." माझ्या चित्रकलेच्या डिप्लोम्याला जे साधलं नसतं ते ती बाई हात हलवून करायची. खोटं कशाला बोलू, दिसायचं सगळं.

पहिल्याच वर्षी कुणीतरी मला विचारलं, "तुम्हीही बघितलं असेल ना हे सगळं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ती बाहेरच बसायची. तिला नाही फारशी आवड."

तिला. नाही. फारशी. आवड. मी पन्ह्याचा ट्रे घेऊन उभी होते. वेलदोड्याचा वास येत होता, केशराचा येत होता. त्या दिवशी मी ठरवलं, हिचं उट्टं काढल्याशिवाय मरायचं नाही.

काढतही होते, बारीक बारीक. डॉक्टरांचं नाव सांगून चहातली साखर काढली. त्यांची मालिका लागली की मी व्हॅक्युम क्लीनर लावायचे. हिवाळ्यात शुक्रवारी आम्ही वफ्राच्या शेतांवर जायचो. त्यांना भरली वांगी जीव की प्राण, म्हणून मुद्दाम तिथली कोवळी, काटेरी देठांची वांगी निवडून आणायचे आणि भरीत करायचे. त्या म्हणायच्या, "भरीत झकास झालंय गं." आता काय करायचं या बाईला! सूड घ्यायचा तर समोरच्याला तो कळावा तरी लागतो.

पुन्हा प्रागला जायचं राहिलं. कधी सईचं कॉलेज, कधी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कधी हे, कधी ते. सई कॅनडाला गेली. आणि गेल्या वर्षापासून सासूबाई विसरायला लागल्या. आधी भाज्यांची नावं गेली, मग वार गेले. मग एकदा जेवता जेवता म्हणाल्या, "आपण कुठं आहोत गं?"

"कुवेतला."

"कशाला?"

हा प्रश्न मात्र मलाही पडतो.

मग एक दुपार आली. बाहेर धूळ उठली होती, खिडक्या पिवळ्या, एसीची घरघर. मी मेथी निवडत होते. सासूबाई सोफ्यावर होत्या, हात मांडीवर. म्हणाल्या, "ते गोऱ्यांचं देऊळ होतं ना गं, सोन्याचं. आत काय काय होतं? मी गेले होते ना आत?"

माझा हात थांबला. देवानं ताट वाढून पुढं ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही कुठं गेलात? मी गेले होते. तुम्ही बाहेर बसला होतात. पायरीवर."

"पायरीवर?"

"चपला सांभाळत."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. शोधत होत्या बिचाऱ्या. बिचाऱ्या कसल्या! मी शोधू दिलं. मग आतलं सगळं मी सांगितलं, मी बघितलेलं म्हणून. त्यांचेच शब्द, त्यांचंच जांभूळ, त्यांचीच गुटगुटीत पोरं. त्या तोंडाचा आ करून ऐकत होत्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की हे माझं आहे. पोटात असं गार गार वाटलं म्हणता! मेथीची जुडी कधी निवडून संपली ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पक्कं व्हायला हवं होतं. आणि पक्कं करायचं तर नुसतं 'बसला होतात' म्हणून भागत नाही, बारकावे द्यावे लागतात. म्हणून मी त्यांना गार दगड दिला. दालचिनीचा वास दिला. बाराच्या घंटा, कबुतरं, चपलेतली पांढरी फुलं, भाव विचारणारी बाई, पाठीत वाजणारी भिंत. सगळं दिलं.

त्यांनी एकदा विचारलं, "आणि मला बाहेर बस म्हणालं कोण?"

"मी."

"तू?"

"मी. म्हटलं, तुम्ही आलात तर देव बाटेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता रडतील, मी वाट बघत होते. म्हणाल्या, "बरं. चहा टाक."

आणि मग एक विचित्रच झालं. सोन्याचं सांगायला लागले की त्या हात झटकायच्या. "सोनं राहू दे गं. पायरीचं सांग." त्यांना पायरीच हवी असायची. "पाठीला कसं वाजायचं ते सांग." मी सांगायचे आणि त्या सोफ्याच्या पाठीला मागं रेलून, डोळे मिटून बसायच्या. इतक्या वर्षांत मला त्या पायऱ्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरीनं नाही. सांगता सांगता माझा आवाज मऊ पडतोय हे मला कळायचं, आणि त्याचा मला फार राग यायचा.

एका शुक्रवारी अविनाश घरी होता. त्यानं ऐकलं. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "हे काय सांगतेस तू आईला?"

"जे झालं ते."

"उलटं सांगतेयस."

"अगंबाई! आठवतंय की तुला. मला वाटलं तू मनोरे बघत होतास."

त्यानं गाडीच्या किल्ल्या घेतल्या आणि पेट्रोल भरायला म्हणून गेला. टाकी भरलेलीच होती.

यंदाची चैत्रगौर आली. मी आधीपासून मनाशी बांधून ठेवलं होतं. यंदा गौरीपुढं मी सांगणार. चर्चं माझी. सगळ्यांदेखत सांगणार, आणि त्या शेजारी बसून मान डोलावणार, हो बाई, ही आत गेली होती, मी बाहेर होते. यासाठी तर महिनोन् महिने घोकून घेतलं. डाळीला फोडणी दिली, पन्हं गार करायला ठेवलं आणि त्या जुन्या निळ्या ड्रेससारखा दिसणारा एक नवा ड्रेस घातला.

बायका जमल्या. अत्तरं, गजरे, एवढ्याशा हॉलमध्ये हा कलकलाट. शेजारच्या बिल्डिंगमधली मनीषा नेहमीसारखी सासूबाईंच्या पायाशी बसली. तिच्याबरोबर एक नवी मुलगी होती, पल्लवी, लग्न होऊन नुकतीच कुवेतला आलेली. ती म्हणाली, "आजी, तुम्ही ते चर्चचं फार छान सांगता म्हणे."

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. घसा साफ केला.

"मी कसलं सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "मला आत कुठं सोडलं? हिनं मला बाहेर बसवलं होतं."

मनीषाचा डाळीचा चमचा अर्ध्यावर राहिला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. बघेनात का! मला काही वाटलं नाही. उलट म्हटलं, बघा, नीट बघा.

"पायरीवर बसवलं," सासूबाई सांगायला लागल्या. "सकाळची वेळ. दगड असा गार, की बसल्यावर दात वाजले माझे. पुढ्यात तीन जोड चपला. झाडावरून फुलं गळतायत, चपलेत पडतायत, मी एक उचलते तर दुसरं पडतंय. कुठूनतरी दालचिनीचा वास, पोटात भूक, आणि उठायची सोय नाही, चपला गेल्या तर? एक बया आली, माझ्या चपलांचा भावच विचारायला लागली!" बायका हसल्या. पल्लवी सरकून पुढं आली. आणि मी उभी राहून ऐकत होते. माझं सगळं, एकूण एक, आणि माझ्यापेक्षा सरस. मला इतक्या वर्षांत कुणाला सांगता आलं नव्हतं ते. दिसत होतं सगळं.

"मग आत पेटी सुरू झाली," त्या म्हणाल्या. "मोठी, त्यांची असते ती. आणि अशी भिंतीला टेकलेय तर ती माझ्या पाठीत वाजायला लागली. पाठीत!" त्यांनी हात मागं नेऊन मणक्यावर ठेवला. "म्हटलं, वाजतंय माझ्या पाठीत आणि बघायचं दुसऱ्यांनी? गेली उडत! ही कोण मला सांगणार बाहेर बस म्हणून? देव काय हिच्या बापाचा? दिल्या चपला टाकून तिथंच, आणि गेले आत!"

"अनवाणी?" पल्लवीनं विचारलं.

"अनवाणी तर अनवाणी! माझे पाय आहेत."

बायकांनी टाळ्या पिटल्या. मनीषानं तर शिट्टी मारायचीच बाकी ठेवली. सासूबाई ताठ बसल्या होत्या, गौरीच्या शेजारी दुसरी गौर. पल्लवी हसत हसत माझ्याकडं वळली. पोर चांगली आहे, मनात काही नव्हतं तिच्या, थट्टेनं म्हणाली, "मग काकू, आजी अशा तडक आत आलेल्या बघून तुम्ही काय केलंत?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी कधी ट्रे पुन्हा उचलला होता कोण जाणे.

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी बाहेरच बसले होते."

सगळ्या खो खो हसल्या. सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं.